हूड वयाचा इतिहास

१९४६ साली कॅलिफोर्नियातल्या 'गाइड डॉग्ज फॉर द ब्लाइंड' या संस्थेपुढे एक नकोसा आकडा होता. अंध माणसांना वाट दाखवण्यासाठी जे कुत्रे शिक्षणाला घेतले जात, त्यांतले शंभरातले जेमतेम नऊ शेवटपर्यंत टिकत. उरलेले एक्क्याण्णव आजारी नव्हते की मंदही नव्हते. दिसायला धडधाकट, हुशार वाटणारा कुत्रा ऐन कामाच्या वेळी अडून बसायचा. कुणी गर्दीत शिरायला तयार नसायचा, कुणी आवाजाला बिचकायचा, कुणी समोर दुसरा कुत्रा दिसला की सगळं शिकलेलं विसरून जायचा. युद्धात डोळे गमावून परतलेल्या सैनिकांसाठी ही संस्था १९४२ मध्ये उभी राहिली होती. कुत्र्यांची वाट पाहणारी माणसं होती, शिकवणारे होते. कुत्रे मात्र पुरत नव्हते.

ज्या घरात कुत्र्याचं पिल्लू वाढलेलं आहे, त्या घराने याची छोटी आवृत्ती अनुभवलेली असते. चार महिन्यांचं पिल्लू हाक मारली की धावत येतं, 'बैस' म्हटलं की बसतं, घरातल्या पाहुण्यांसमोर त्याचं कौतुक होतं. तेच दहा महिन्यांचं झालं की मैदानात पट्टा सोडल्यावर मागे वळूनही पाहत नाही. चपला, सोफ्याचे कोपरे, दाराची चौकट यांतलं काही दातांतून सुटत नाही. शेजारच्या ज्या कुत्र्याशी कालपर्यंत खेळत होतं, त्याच्यावर आज गुरगुरतं. 'लहानपणी किती शहाणा होता, आता नुसता वांड झालाय,' हे वाक्य अशा घरांत ठरलेलं असतं. सहा ते नऊ महिन्यांच्या सुमारास बहुतेक कुत्रे वयात येतात. मोठ्या आकाराच्या जातींना आणखी वेळ लागतो. शरीर भरतं, पण स्वभाव निवळायला दीड-दोन वर्षं जावी लागतात. मधल्या या काळात कुत्र्याचं काय करायचं, हा प्रश्न माणसापुढे फार जुन्या काळापासून आहे. त्याची उत्तरं शोधताना माणसाने बऱ्याच चुका केल्या आणि त्यांची किंमत बहुतेक वेळा कुत्र्याने मोजली.

या वयाबद्दलचा लेखी सल्ला जवळपास २४०० वर्षांपूर्वीचा सापडतो. ग्रीक सेनानी आणि लेखक झेनोफन याने शिकारी कुत्र्यांवर एक पुस्तिका लिहिली. मादी आठ महिन्यांची आणि नर दहा महिन्यांचा झाला की त्यांना शिकारीला न्यावं, पण मोकळं सोडू नये, असं तो सांगतो. लांब दोरीने धरून त्यांना माग काढणाऱ्या जाणत्या कुत्र्यांच्या पाठोपाठ चालवावं. ससा नजरेला पडताच तरुण कुत्र्याला सोडलं तर अंगात भिनलेल्या जोशापायी तो स्वतःला इजा करून घेईल. म्हणून ससा दिसेनासा झाल्यावरच दोरी सोडावी. कुत्र्यांची नावं आखूड ठेवावीत म्हणजे हाक पटकन मारता येते, असं सांगून तो अशा नावांची यादीच देतो. आपल्याकडे नव्या खोंडाला जाणत्या बैलाच्या जोडीला जुंपतात, त्यामागे हीच समज आहे. तरुण जनावर माणसाकडून जेवढं शिकतं, त्याहून जास्त आपल्या जातभाईकडून शिकतं, आणि त्याची ताकद त्याच्या अकलेच्या पुढे धावत असते तेव्हा दोरी हातात लागतेच. झेनोफनने या वयाला बंडखोरी म्हटलेलं नाही. त्याच्या लेखी ते अपुरं पिकलेलं वय आहे आणि त्याला सांभाळून घ्यायचं असतं.

बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला, त्यातही 'सारमेयविनोद' नावाचं कुत्र्यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे. शिकारीचे कुत्रे बाळगणं ही दरबारी विद्या होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात जात राहिली. तिचं शास्त्र करण्याची गरज पडली ती कुत्रा शहरी नोकरीत शिरला तेव्हा.

ती नोकरी पोलिसातली. १८९९ मध्ये बेल्जियममधल्या घेंट शहरात पोलिसांनी रात्रीच्या गस्तीसाठी पद्धतशीर श्वानपथक उभं केलं. पाठोपाठ जर्मनीत ही चळवळ पसरली आणि १९०६ पासून सारब्रुकेनच्या पोलीस दलात कोनराड मोस्ट हा अधिकारी कुत्रे शिकवू लागला. १९१० मध्ये त्याचं पुस्तक आलं. आधुनिक श्वानप्रशिक्षणाचा उगम या पुस्तकात आहे, तसा त्यातल्या क्रौर्याचाही. मोस्टने एक मोठी गोष्ट ओळखली होती: कुत्र्याला माणसाचे शब्द आणि नीतिनियम कळत नाहीत, कृती आणि तिच्या पाठोपाठ येणारा परिणाम एवढीच सांगड त्याला कळते. म्हणून बक्षीस असो की शिक्षा, ती त्याच क्षणी मिळाली पाहिजे. पुढे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांनी जे सिद्ध केलं, त्याचा बराचसा भाग या पोलीस अधिकाऱ्याने आधीच लिहून ठेवला होता. पण तरुण, अंगात मस्ती असलेला कुत्रा ऐकेनासा झाला, तर काट्यांचा पट्टा आणि छडी हेच त्याचं उत्तर होतं. कुत्रा माणसाशी वर्चस्वाची लढाई खेळतो आहे आणि ती माणसाने जिंकलीच पाहिजे, ही कल्पना तिथे पक्की झाली. तिची सावली पुढची शंभर वर्षं या व्यवसायावर पडून राहिली.

त्याच दशकात ब्रिटनमध्ये दुसराच सूर निघत होता. लेफ्टनंट कर्नल एडविन रिचर्डसन यांना १९१७ मध्ये शूबरीनेस इथे युद्धातल्या कुत्र्यांची शाळा काढायला सांगण्यात आलं. खंदकांतून मागच्या ठाण्यापर्यंत निरोप पोचवायचे होते. त्यांच्याकडे आलेले कुत्रे लंडनच्या बॅटरसी आश्रयगृहातले, इतर शहरांतल्या निवाऱ्यांतले आणि लोकांनी घरचे म्हणून दिलेले होते. वेळ थोडा आणि काम जिवाचं. छडी उगारायला याहून मोठं निमित्त लागत नाही. तरीही रिचर्डसन यांचा दंडक असा होता, की निरोप्या कुत्रा वाटेत रेंगाळला, भलतीकडे गेला किंवा चुकला, तरी त्याला कधीही मारायचं नाही, ओरडायचंही नाही. पुन्हा सुरुवातीपासून दाखवायचं. यामागे फक्त कनवाळूपणा नव्हता. तोफांच्या आवाजातून धावत येणारा कुत्रा केवळ आपल्या माणसाकडे परतण्याच्या ओढीने धावतो. पोचल्यावर एकदा जरी फटका बसला, तरी पुढच्या खेपेला त्याचे पाय जड होणार. मैदानातून उशिरा परतलेल्या कुत्र्याला दारातच झोडपणाऱ्या प्रत्येक मालकाने रिचर्डसन यांचा हा दंडक ऐकला असता, तर कितीतरी कुत्रे हाकेला येत राहिले असते.

पहिल्या महायुद्धानेच कुत्र्याला आणखी एक नोकरी दिली. विषारी वायूने आणि स्फोटांनी अंध झालेल्या जर्मन सैनिकांसाठी १९१६ मध्ये गेरहार्ड श्टालिंग या डॉक्टरांनी ओल्डेनबर्ग इथे वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांची पहिली शाळा काढली. स्वित्झर्लंडमध्ये वेवेजवळ 'फॉर्च्युनेट फील्ड्स' नावाच्या आपल्या जागेत जर्मन शेफर्ड पैदा करणाऱ्या डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंनी हे काम पाहिलं आणि १९२७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या 'सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट'मध्ये त्यावर लेख लिहिला. तो टेनेसीमधल्या नॅशव्हिल गावी मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला वाचून दाखवण्यात आला. फ्रँक स्वित्झर्लंडला गेला, बडी नावाची मादी घेऊन १९२८ मध्ये परतला आणि न्यूयॉर्कच्या बंदरालगतचा, ट्रक-गाड्यांनी भरलेला वेस्ट स्ट्रीट पत्रकारांच्या डोळ्यांदेखत तिच्या भरवशावर ओलांडून गेला. युस्टिसबाईंना त्याने एका शब्दाची तार केली: यश. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, 'द सीइंग आय' ही संस्था स्थापन झाली.

बडीच्या पिढीने प्रशिक्षणाचा सगळा हिशेबच बदलला. पोलीस कुत्र्याने हुकूम पाळला की काम झालं. अंध माणसाच्या कुत्र्याला हुकूम मोडताही आला पाहिजे. मालक 'पुढे चल' म्हणतो आणि समोरून गाडी येते आहे किंवा पुढे उघडा खड्डा आहे, तेव्हा कुत्र्याने जागेवर ठाण मांडून उभं राहायचं असतं. प्रशिक्षक याला 'शहाणी अवज्ञा' म्हणतात. मारून वाकवलेल्या कुत्र्यात ती उरत नाही, कारण चुकण्याच्या भीतीने तो स्वतः काही ठरवणंच सोडून देतो. त्यामुळे तरुण कुत्र्याचा हट्ट मोडून काढणं या शाळांना परवडण्यासारखंच नव्हतं. तो हट्ट कुठून येतो, तो कधी ओसरतो आणि त्यातला कोणता भाग कामाचा आहे, हे त्यांना समजून घ्यावंच लागलं. श्वानप्रशिक्षणाच्या इतिहासात खरी प्रगती पोलिसांच्या किंवा लष्कराच्या मैदानावर झाली त्यापेक्षा अंधांच्या शाळांत जास्त झाली, याचं कारण इथे आहे.

आता पुन्हा १९४६ च्या त्या नऊ टक्क्यांकडे. संस्थेसाठी स्वयंसेवक म्हणून काम करणारे क्लॅरेन्स फाफेनबर्गर यांनी अपयशाचं कारण कुत्र्याच्या वर्षाच्या वयात शोधायचं सोडून त्याच्या पिल्लूपणात शोधायला सुरुवात केली. ते मेन राज्यातल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत पोचले. तिथे जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर हे दोन शास्त्रज्ञ पाच जातींच्या कुत्र्यांवर अभ्यास करत होते: बसेन्जी, बीगल, कॉकर स्पॅनियल, शेटलंड शीपडॉग आणि फॉक्स टेरियर. वर्षानुवर्षं चाललेल्या या कामातून १९६५ मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. पिल्लाच्या आयुष्यातला सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ असा असतो, की त्यात माणसाचा सहवास मिळाला तर माणूस त्याला आपला वाटतो. तो काळ निसटला तर नंतर कितीही लाड केले तरी भीती पुरती जात नाही, असं त्यांना आढळलं.

फाफेनबर्गर यांनी हे ज्ञान थेट पिल्लांच्या निवडीत आणलं. आठव्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लांच्या छोट्या परीक्षा सुरू झाल्या: अनोळखी वस्तूकडे ते कसं जातं, अचानक आवाज झाल्यावर किती लवकर सावरतं, माणसाशी खेळायला किती उत्सुक असतं. पण सर्वांत बोलका निष्कर्ष परीक्षेबाहेरचा होता. परीक्षेत उत्तीर्ण झालेली काही पिल्लं लगेच एखाद्या कुटुंबात वाढायला जात, काही जागा मिळेपर्यंत कोंडवाड्यातच राहत. एका आठवड्याच्या आत घरी गेलेल्या पिल्लांपैकी पुढे सुमारे नव्वद टक्के कामाचे कुत्रे झाले. तीन आठवड्यांहून जास्त कोंडवाड्यात राहिलेल्यांपैकी सुमारे तीसच टक्के. वंश तोच, खाणंपिणं तेच, परीक्षाही तीच. फरक फक्त त्या थोड्या आठवड्यांच्या एकटेपणाचा होता आणि तो उघडा पडला वर्षभराने, कुत्रा रस्त्यावर काम करायला उतरला तेव्हा.

१९५८ पर्यंत संस्थेचं यशाचं प्रमाण नऊवरून नव्वद टक्क्यांवर गेलं, असं फाफेनबर्गर यांनी नोंदवलं आहे. १९६३ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि पिल्लं निवडण्याची जगभरची रीत पालटली. पिल्लांना कुटुंबात वाढवण्याची पद्धतही याच सुमारास रुजली. 'द सीइंग आय'ने १९४२ मध्ये शेतकरी कुटुंबांतल्या मुलांकडे पिल्लं सोपवायला सुरुवात केली होती, तर ब्रिटनच्या संस्थेने १९५६ मध्ये तशीच योजना आणली. वर्षभर पिल्लू बसमध्ये बसतं, बाजारात जातं, मुलांच्या गोंगाटात झोपतं आणि मग शाळेत दाखल होतं.

मात्र एवढ्याने प्रश्न सुटला नाही. बालपण उत्तम गेलेले कुत्रेही दहाव्या महिन्यात बिथरतातच. ते का, याचं उत्तर मिळायला आणखी सहा दशकं लागली, आणि मधल्या काळात घरगुती कुत्र्यांच्या वाट्याला चुकीची उत्तरं भरपूर आली.

एक गट म्हणत होता, की सगळं शिकवण्याच्या तंत्रावर आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये घरगुती कुत्र्याला टिक-टिक वाजणाऱ्या खेळण्याच्या मदतीने कसं शिकवता येईल, ते लिहिलं. आवाज झाला की खाऊ, एवढाच नियम. त्यांचेच विद्यार्थी केलर आणि मरियन ब्रेलंड या दांपत्याने हे तंत्र व्यवसायात उतरवलं आणि ३८ जातींच्या ६००० हून जास्त प्राण्यांना शिकवलं. १९६१ मध्ये या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला, जो प्रत्येक वैतागलेल्या श्वानमालकाने वाचावा असा आहे. त्यांनी डुकराला लाकडी नाणी उचलून पेटीत टाकायला शिकवलं होतं. डुक्कर आधी झटपट शिकलं. काही आठवड्यांनी मात्र ते नाणं वाटेतच टाकून नाकाने उकरू लागलं, पुन्हा उचललं, पुन्हा टाकलं. रॅकूनने दोन नाणी पेटीत टाकण्याऐवजी एकमेकांवर घासत बसायला सुरुवात केली. पक्कं शिकलेलं वागणं हळूहळू मागे हटत होतं आणि जातीचं उपजत वागणं पुढे येत होतं. भूक वाढवली तर ते आणखी बळावायचं. जगातल्या सर्वांत कुशल प्रशिक्षकांनी स्वतःहून हे जाहीर केलं, ही गोष्ट मोलाची आहे. शिकलेलं मागे पडणं हा नेहमीच शिष्याचा उद्धटपणा नसतो किंवा गुरूची ढिलाई नसते, हे त्यातून उघड झालं. वास हुंगत रस्ताभर ओढत नेणारा बीगल आणि धावत्या सायकलीमागे झेपावणारा शिकारी कुत्रा वयात आल्यावर आपापल्या रक्ताकडे वळत असतात.

दुसरा गट जास्त लोकप्रिय होता आणि त्याने जास्त नुकसान केलं. १९६२ मध्ये विल्यम कोहलर यांचं पुस्तक आलं. डिस्नेच्या चित्रपटांसाठी त्यांनी प्राणी तयार केले होते, त्यामुळे शब्दाला वजन होतं. साखळीचा जोरदार हिसका हा त्यांच्या पद्धतीचा पाया, आणि अंगणात खड्डे उकरणाऱ्या कुत्र्यासाठी तोच खड्डा पाण्याने भरून त्यात त्याचं तोंड बुडवण्याचा उपाय त्या पुस्तकात आहे. या पद्धतींना शास्त्राचा आधार मिळाला तो लांडग्यांच्या अभ्यासातून. स्विस संशोधक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांच्या भांडणांवरून कळपातल्या उतरंडीचं वर्णन केलं. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने 'अल्फा' लांडग्याची कल्पना घरोघरी पोचवली. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू जर्मन शेफर्ड वाढवत. त्यांनी १९७८ च्या आपल्या पुस्तकात उद्दाम कुत्र्याला धरून उताणं पाडण्याचा उपाय सांगितला.

या विचाराचा सर्वांत मोठा बळी तरुण कुत्रा ठरला. आठ-दहा महिन्यांचं जनावर पट्टा ओढतं, अंगावर उड्या मारतं, सोफ्यावर चढून बसतं. 'अल्फा'च्या चष्म्यातून पाहिलं की यातली प्रत्येक खोडी घराच्या गादीवर सांगितलेला हक्क दिसते, आणि मग घरातला माणूस आपल्याच पाळलेल्या पोराशी युद्ध पुकारतो. भ्यालेला तरुण कुत्रा गुरगुरतो, त्या गुरगुरण्याला शिक्षा होते आणि एक दिवस तो न गुरगुरता थेट चावतो.

मीच यांनी पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समियर बेटावर तेरा उन्हाळे रानातल्या लांडग्यांमध्ये काढले. तिथला कळप म्हणजे आई-बाप आणि त्यांची वेगवेगळ्या वयाची पिल्लं होती. गादीसाठी झुंज वगैरे काही नव्हतं. मोठी झालेली पोरं आपापलं घर करायला निघून जात. १९९९ मध्ये त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आणि आपलं जुनं पुस्तक प्रकाशकाने आता छापू नये म्हणून पाठपुरावा केला. न्यू स्कीटच्या साधूंनीही २००२ च्या आवृत्तीत उताणं पाडण्याचा सल्ला मागे घेतला. स्वतःच्या गाजलेल्या मताविरुद्ध उभं राहण्याचं हे धाडस शास्त्रज्ञांत आणि साधूंत सारखंच दिसलं, याची नोंद घ्यायला हवी. सल्ला मात्र कागदावरून पुसला गेला तरी लोकांच्या तोंडी राहिला. 'त्याला दाखवून द्या घरात मालक कोण आहे ते' हे आजही आपल्या सोसायट्यांच्या आवारात सांगितलं जातं.

या सगळ्या वर्षांत घरगुती कुत्र्याचं शिक्षण सहा महिन्यांनंतर सुरू करण्याची चाल होती, कारण हिसक्यांचा पट्टा कोवळ्या मानेला झेपत नसे. म्हणजे जे वय सर्वांत अवघड, नेमकं त्याच वयात पहिला धडा आणि तोही वेदनेचा. १९८० च्या दशकात पशुवैद्य इयन डनबार यांनी पिल्लांचे मोकळे, खाऊ आणि खेळावर चालणारे वर्ग सुरू केले, आणि हवाईत डॉल्फिन शिकवलेल्या कॅरन प्रायर यांचं पुस्तक १९८४ मध्ये आलं, तेव्हा ही चाल मोडायला सुरुवात झाली. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही. त्याला पटलं तरच तो काम करतो, आणि तेच कुत्र्यालाही लागू पडतं हे प्रायर यांनी दाखवलं.

शहरांत हे वाद चालू असताना मेंढपाळांच्या जगात या वयाचं एक वेगळंच व्यवहारज्ञान टिकून होतं. अमेरिकेत रे आणि लॉर्ना कॉपिंजर या दांपत्याने १९७० च्या दशकात युरोप-आशियातून मेंढ्यांची राखण करणारे कुत्रे आणून शेतकऱ्यांना दिले. लांडगे आणि कायोटींपेक्षा आधी शेतकऱ्यांना त्रास झाला तो या राखणदारांच्याच हूडपणाचा. वर्षाच्या आसपासचे कुत्रे कोकरांचा पाठलाग करत, लोकर ओढत, खेळता खेळता जखमी करत. ते मारायला नव्हे तर खेळायला धावत होते. अशा वेळी कोकरांपासून काही दिवस दूर ठेवणं, जाणत्या कुत्र्याच्या सोबतीला देणं किंवा पट्ट्याला पायांत अडखळेल असा लाकडी ठोकळा टांगणं, हे उपाय चालत, आणि बरेचसे कुत्रे वय वाढलं की खोडी सोडून देत. तो ठोकळा म्हणजे आपल्या गावाकडचं लोढणंच. आपल्या धनगरांच्या वाड्यावरही पिल्लं मेंढरांमध्येच लहानाची मोठी होतात आणि मोठ्या कुत्र्यांच्या मागे फिरत काम उचलतात. पिल्लू एका पावसाळ्यात राखणदार होत नाही, हे तिथे कुणाला सांगावं लागत नाही.

या वयात कुत्र्याकडून काय होऊ शकतं, याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठसठशीत दाखला मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या झंजीरचा आहे. जानेवारी १९९२ मध्ये जन्मलेला हा लॅब्राडोर पुण्यात शिवाजीनगरच्या गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात शिकला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पथकात रुजू झाला. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनी मुंबई हादरली तेव्हा तो अवघा चौदा महिन्यांचा होता. ज्या वयात घराघरांतले लॅब्राडोर चपला कुरतडत असतात, त्या वयात त्याने धनजी स्ट्रीटवर स्फोटकांनी भरलेली स्कूटर हुडकून काढली. ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब त्याच्या नाकाने शोधले, अशी त्याच्या नावावरची नोंद आहे. नोव्हेंबर २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने तो गेला आणि पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला. झंजीरच्या अंगातही इतर लॅब्राडोरांइतकीच ऊर्जा होती. तिला रोज काम होतं, ठरलेला हँडलर होता आणि स्फोटक शोधणं हाच त्याचा खेळ होता. पोलिसी श्वानपथकांत तरुण कुत्र्याची मस्ती कुणी जिरवत बसत नाही. ती वासाच्या खेळात वळवतात.

वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या शाळांची अपयशाकडे पाहण्याची रीतही अनुकरण करण्यासारखी आहे. शिकलेलं काही बिघडलं की ती मंडळी धडा सोपा करतात: गर्दीतून शांत गल्लीत, शांत गल्लीतून अंगणात, आणि तिथून पुन्हा हळूहळू बाहेर. तरीही काम झेपत नाही असं दिसलं, तर कुत्र्याला दुसऱ्या कामाला किंवा चांगल्या घरी देतात. २०१७ मध्ये 'द सीइंग आय'च्या ९८ पिल्लांवर एमिली ब्रे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की ज्या पिल्लांच्या आया फार जपणाऱ्या होत्या, ती पुढे शिक्षणात जास्त गळाली. आई उभी राहून पाजते तेव्हा पिल्लाला दूध मिळवायला धडपडावं लागतं, आणि अशी पिल्लं जास्त टिकली. छोटी अडचण सोसून सावरण्याचा सराव लहानपणीच व्हावा लागतो.

ज्या उत्तरासाठी सहा दशकं थांबावं लागलं, ते २०२० च्या मे महिन्यात ब्रिटनमधून आलं. न्यूकॅसल विद्यापीठाच्या ल्युसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाट दाखवण्याच्या कामासाठी वाढवले जाणारे लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांचे संकर अभ्यासले. ६९ कुत्र्यांना पाचव्या आणि आठव्या महिन्यात 'बैस' हा साधा हुकूम दिला गेला, एकदा त्यांना सांभाळणाऱ्या माणसाने आणि एकदा परक्याने. आठव्या महिन्यात कुत्रे आपल्या माणसाचं ऐकायला पाचव्या महिन्यापेक्षा जास्त आढेवेढे घेत होते. परक्याचं मात्र ते ऐकत होते, उलट आधीपेक्षा बरंच. २८५ कुत्र्यांबद्दलच्या प्रश्नावल्यांतही हेच उमटलं: सांभाळणाऱ्यांना आठव्या महिन्याच्या आसपास कुत्रा पाचव्या किंवा बाराव्या महिन्यापेक्षा बिघडलेला वाटत होता, पण ज्यांच्याशी त्याचं तेवढं जवळचं नातं नव्हतं त्या प्रशिक्षकांना तो सुधारताना दिसत होता. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलेलं नसतं. ऐकायचं कुणाचं नाही, हे ठरलेलं असतं, आणि ते नेमकं सर्वांत जवळच्या माणसाचं. ज्यांच्या घरात चौदा-पंधरा वर्षांचं मूल आहे, त्यांना याहून जास्त सांगायला नको.

या शोधाचं सर्वांत महत्त्वाचं अंग म्हणजे त्यातला काळ. बाराव्या महिन्यापर्यंत सांभाळणाऱ्यांची तक्रार ओसरलेली होती. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बारा आश्रयगृहांच्या पाहणीत दिसलं होतं, की मालकांनी आणून सोडलेल्या कुत्र्यांपैकी जवळपास निम्मे पाच महिने ते तीन वर्षं या वयाचे होते, आणि सोडलेल्या कुत्र्यांपैकी ९६ टक्क्यांना कसलंही शिक्षण मिळालेलं नव्हतं. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर, महामार्गांच्या कडेला गळ्यात पट्ट्याची खूण असलेले तरुण लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड सापडतात, त्यांची कहाणी वेगळी नसावी. घरातला कुत्रा आठव्या-दहाव्या महिन्यात ऐकेनासा झाला असेल, तर त्याला कुठे द्यायचं याची चौकशी करण्याआधी पशुवैद्याकडून दुखणंखुपणं नाही ना, एवढं पाहून घ्यावं, लांब दोरी पुन्हा हातात घ्यावी, पहिल्या धड्यापासून खाऊसह सुरुवात करावी आणि त्याला निदान दुसरा वाढदिवस तरी आपल्याच घरात पाहू द्यावा.